कपिराज, ते बत्तीस टक्के कुठे गेले?

श्री. वू काँग,
मुक्काम : आमच्या संघातली पाचवी खुर्ची,
एम्पायर्स अँड पझल्स.



पत्र जाहीरच लिहितोय. खाजगीत लिहिलं असतं तर ते आपल्यापर्यंत पोचण्याची खात्री ६८ टक्केच होती. उरलेल्या वेळी ते टायटनच्या डोक्यावरून निघून गेलं असतं.

सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू आमच्या महाराष्ट्रात येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. इथल्या माणसांबद्दल त्याने नोंदवून ठेवलं की ही माणसं उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि सूड उगवायचाच ठरला तर आधी शत्रूला तसं कळवतात. हे भिक्षू म्हणजे आपले गुरुजी. ज्या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतून आपण या खेळात आलात, तिच्यात त्यांच्याच यात्रेवर राखणदार म्हणून आपली नेमणूक होती. तेव्हा हे पत्र म्हणजे ती आगाऊ सूचना समजावी. उपकारांचा हिशेबही सोबत आहे, कारण गुरुजींनी तेही लिहिलंय.

ज्यांच्या मोबाइलवर अजून आपली कृपा झालेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. हेलसिंकीच्या स्मॉल जायंट गेम्सने २०१७ मध्ये हा खेळ आणला. खाली सात बाय पाचचा पट, त्यावर पाच रंगांच्या टाइल्स. एका रंगाच्या तीन जुळल्या की त्या वर उडतात आणि समोरच्या शत्रूवर आदळतात. शत्रूंतला सगळ्यात दांडगा तो टायटन. त्याच्यावर अलायन्स, म्हणजे खेळाडूंची एक टोळी, मिळून तुटून पडते. आपल्या बाजूला पाच हिरो. ज्या रंगाच्या टाइल्स जुळल्या त्या रंगाच्या हिरोचा माना भरतो, आणि माना भरला की त्याचा स्पेशल सुटतो. कुणी बाण मारतं, कुणी आग लावतं, कुणी जखमा भरतं. आपण पिवळे, चार ताऱ्यांचे, मध्यम वेगाचे. म्हणजे दहा पिवळ्या टाइल्स पोटात गेल्याशिवाय आपण जागे होत नाही. तीन तिकड्या जुळवल्या की नऊ होतात. दहावी टाइल कुठल्या कोपऱ्यात दडलीय ते शोधण्यात आमची जी मिनिटं गेली, त्यांचा हिशेब मी इथे मांडत नाही. पत्राला मर्यादा असते.

तर जागे झाल्यावर आपण करता काय? आपल्या कार्डावर ते छापलंय : सगळ्या साथीदारांचा हल्ला १८५ टक्क्यांनी वाढतो, आणि त्यांची अचूकता ३२ टक्क्यांनी घटते. आपण स्वतः कुणाला धड मारत नाही, कुणाची जखम बांधत नाही, कुणाच्या अंगावरचं विष उतरवत नाही. चौघांना दारू पाजून रणांगणावर सोडता आणि बाजूला उभे राहता.

परवाचाच प्रसंग घ्या. जांभळा टायटन, दहा ताऱ्यांचा. टायटनची एक लढत दीड मिनिटाची असते आणि घड्याळात चौदा सेकंद उरले होते. आपण नुकतेच सुटला होता, पाचही हिरो पिवळे होते, आणि पटावर पाच टाइल्स एका ओळीत जुळून डायमंड तयार झाला होता. डायमंडला बोट लावलं की पटावरच्या त्या रंगाच्या सगळ्या टाइल्स एकदम फुटतात. नऊ पिवळ्या होत्या. बोट लावलं. पिवळा झोत वर गेला, आणि त्यातून 'मिस', 'मिस', परत 'मिस' असे शब्द पाचोळ्यासारखे खाली येऊ लागले. दात आवळून मी लिओनिडसचा स्पेशल दाबला. थर्मोपिलीला मूठभर माणसांनिशी उभा राहिलेला राजा तो. समोर चार मजली इमारतीएवढा प्राणी, जागचा हलत नाही, मधे झाड नाही की धुकं नाही. मिस. त्यानंतर टायटनने लिओनिडसला एक चपराक दिली. ती बरोबर लागली, कारण टायटन आपला साथीदार नाही.

आता उपकार.

१८५ टक्के वाढ म्हणजे हल्ला २.८५ पट. शंभरातले ६८ वार लागतात, म्हणून २.८५ गुणिले ०.६८, सरासरी १.९४ पट. म्हणजे 'मिस' शब्दांनी भरलेल्या त्या पडद्यावरसुद्धा, दीर्घ पल्ल्यात, आमचा मार जवळजवळ दुप्पट होत असतो. हाही हिशेब कंजूषपणाने मांडलाय. खेळणाऱ्यांनी आकडे जमवून जे सूत्र बसवलंय, त्यात हल्ला वाढला की नुकसान त्याहून वेगाने वाढतं. तेव्हा आपली खरी कमाई याच्याही वर जाते. आणि आपण चार ताऱ्यांचे! पाच ताऱ्यांच्या मातब्बरांच्या पंगतीत आपल्याला पाटावर बसवताना नवख्या खेळाडूचं तोंड वाकडं होतं. कार्डावरचा शक्तीचा आकडा बघून तो आपल्याला उचलतो, जागी कुणीतरी चकचकीत पाच ताऱ्यांचा आणतो, आणि टायटनवरचा गुण खाली का आला म्हणून अलायन्सच्या चॅटवर विचारत बसतो. तो आकडा हिरोच्या अंगची ताकद मोजतो. आपण तर सगळी कमाई दुसऱ्यांच्या नावावर टाकलेली. हुशार आहात.

तो हुशारपणाच मला सगळ्यात जास्त खुपतो. लग्नातल्या आचाऱ्याचं बघा : पंगत झकास झाली तर यजमानाचं कौतुक, भाजीत मीठ कमी पडलं तर आचाऱ्याचा उद्धार. आपल्या बाबतीत तसंच घडतं, आणि आपण ते घडू देता. लागलेला वार 'मी वू काँगमुळे लागलो' असं सांगत फिरत नाही. तो लिओनिडसच्या नावावर मोठ्या आकड्यात चमकतो आणि विरतो. चुकलेल्या वारावर मात्र आपल्या नावाची पाटी असते. माणूस चुकलेले वार मोजतो, लागलेले मोजत नाही. हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. तरी आपण कादंबरीत पाचशे वर्षं डोंगराखाली दबून काढलीत त्याच सहनशीलतेने गप्प बसता, आणि आम्हाला तुसडेपणाचं पाप लागतं.

गंमत अशी की कादंबरीत आपण असे नव्हता. तिथे आपण मारणारे. समुद्राच्या राजाकडून पळवलेला साडेतेरा हजार चिनी शेरांचा सोटा, बहात्तर रूपं, एका कोलांटीत एक लाख आठ हजार ली अंतर, आणि स्वर्गातल्या फौजेला एकट्याने घाम फोडलेला. त्या सगळ्या ग्रंथात नेम चुकण्याबद्दल आपली ख्याती नाही. आणि खेळ बनवणाऱ्यांनी आपल्याला नेमलं कशावर? प्रोत्साहनावर. स्वर्गाचा बागबुडव्या इथे कडेला उभा राहून 'मारा रे मारा' ओरडतो.

आपलं मूळ आमच्या हनुमानात आहे, असं मत हू शी यांनी मांडलं होतं. लू शुन यांना ते पटलं नव्हतं. ते चीनच्याच एका जुन्या जलराक्षसाकडे बोट दाखवत. विद्वानांच्या भांडणात पडायची माझी पात्रता नाही, पण एवढ्यापुरता मी लू शुनांच्या बाजूने आहे. लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा मारुतीरायांना नेमकी वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्यांनी अख्खा द्रोणागिरी उचलून आणला. ६८ टक्के द्रोणागिरी आणून बाकीचा वाटेत समुद्रात सोडला, असं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

सपोर्ट हिरो म्हणजे काय, ते आपल्या शेजाऱ्यांकडे बघून शिकावं. बोल्डटस्क बघा. तोही चार ताऱ्यांचाच, लाल. सगळ्यांना ३८ टक्के बरं करतो, वर हल्ला ४८ टक्क्यांनी वाढवतो, आणि त्यासाठी कुणाचा एक वार वाया घालवत नाही. रिगार्ड बरं करताना अंगावरच्या बाधाही धुऊन काढतो. किरिल बरं करून वर हल्ला आणि बचाव दोन्हीला टेकू देतो. ही मंडळी घरात असली की घर चालतं. आपण घरात असलात की घरात पैसा येतो, पण कुठल्या तारखेला येईल ते विचारायचं नाही.

म्हणून आपली किंमत करताना मी एका प्रश्नापासून सुरुवात करतो : आपल्यासाठी उठवलं कुणाला? खुर्च्या पाचच. समजा टायटन हिरवा आहे, म्हणजे लाल टाइल्स त्याला झोंबतात. पाचही लाल नेले तर पाच वाटे मार. आपल्याला बसवलं तर लाल उरतात चार. आपण पेटल्यावर चार गुणिले १.९४, म्हणजे पावणेआठ वाटे. बोल्डटस्क नेला तर तो स्वतः लालच आहे. पाच गुणिले १.४८, म्हणजे सात पूर्णांक चार. हा परत तोच कंजूष हिशेब आहे. खऱ्या सूत्रात अंतर आपल्या बाजूने रुंदावतं, हे मान्य. पण बोल्डटस्कचा माना लाल टाइल्सवरच भरतो, ज्या मी तशाही जुळवतोच आहे. आपल्यासाठी मला पिवळ्या वेगळ्या हुडकाव्या लागतात, आणि दीड मिनिटात प्रत्येक हुडकणं महाग पडतं. त्यात टायटन जबर असला तर चौथ्या-पाचव्या थपडेला माझा एखादा लाल हिरो आडवा होतो, आणि मेलेल्या हिरोच्या हल्ल्याला १८५ टक्क्यांनी वाढवा की १८५ पटीने, येतं शून्यच. तिथे ते ३८ टक्के मलम आपल्या साऱ्या जोशापेक्षा भारी भरतं. हिरव्या टायटनला मी बोल्डटस्क नेतो. राग मानू नये. मानलात तरी चालेल.

दोघांना एकदम न्यावं असं कुणाच्या मनात आलं तर तेही जमत नाही. हल्ल्याची वाढ एकावर एक चढत नाही. नवी आली की जुनी उतरते. आपण जिवापाड भरलेले १८५ टक्के बोल्डटस्कच्या ४८ खाली गाडले जातात, आणि हे करणारा खेळाडू वर म्हणतो की वू काँगमध्ये दम राहिला नाही.

जांभळ्या टायटनसमोर मात्र आपण आपल्याच रंगात असता. तिथे कुणाला उठवावं लागत नाही, टाइल्स हुडकाव्या लागत नाहीत. पिवळं पिवळ्यात मिसळतं. त्या एका लढाईत आपल्याला तोड नाही, आणि हे लिहिताना माझा हात थरथरतोय, कारण त्याच लढाईतले ते चौदा सेकंद मी वर लिहिले आहेत.

आता जरा क्रमाबद्दल, कारण आपल्या पापांतली निम्मी इतरांच्या घाईची आहेत. टायबर्टससारखा हिरो शत्रूचा बचाव ३४ टक्क्यांनी पाडतो. तो आपल्या आधी सोडायचा. आपण सुटल्यानंतर सोडला तर त्याचाही वार शंभरात बत्तीस वेळा हवेत जातो, आणि वार चुकला की बचाव पाडणंही त्याच्याबरोबर गेलं. टाइल्सचं तसं नाही. त्या लढाईभर डझनांनी उडत असतात, म्हणून चुकलेल्या-लागलेल्यांची सरासरी लढत संपेपर्यंत बरीचशी जुळते. स्पेशल असतात मोजके. लागोपाठ दोन हुकण्याची शक्यता शंभरात दहा. तीन हुकण्याची, शंभरात तीन. शंभरात तीन हे ऐकायला थोडं वाटतं, पण टायटन रोज येतो, प्रत्येक टायटनला तीनदा भिडायचं असतं, आणि अलायन्समध्ये तीस माणसं असतात. म्हणजे अलायन्समध्ये कुणी ना कुणी रोज आपल्या नावाने खडे फोडत असतो. तेव्हा मारायचे ते स्पेशल आधी, मग आपण, मग नुसत्या टाइल्स, भराभर, विचार न करता. लिओनिडसचा स्पेशल आपल्यानंतर दाबणारा जो कुणी होता, त्याला चौदा सेकंद उरले होते, ही सबब कोर्टात टिकणार नाही. पण हा आपल्याविरुद्धचा खटला आहे, त्याच्याविरुद्धचा नाही.

टायटन सोडून इतर ठिकाणी आपलं काम काय, हे थोडक्यात उरकतो. दुसऱ्यांच्या संघावर छापा घालताना चार-पाच नेमके स्पेशल निकाल लावतात, आणि नेमकेपणा ही आपल्या उपस्थितीत पहिली बळी जाणारी गोष्ट. तिथे आपल्याला घरी ठेवतात ते शहाणे. आमच्या अलायन्समधल्या एका उत्साही गृहस्थांनी आपल्याला बचावाच्या संघात मध्यभागी बसवलं होतं. बचावात पट नसतो, टाइल्स नसतात, हिरो स्वतःचे स्वतः वार करत असतात. आपण नेमाने जागे झालात आणि आपल्याच चार माणसांचे डोळे बांधलेत. हल्ला करायला आलेल्याला आयता विजय मिळाला. त्याने आभाराचा निरोप पाठवला नाही एवढंच.

राहता राहिला जुगार. आपल्याला सगळे जुगारी म्हणतात, मीही वर म्हटल्यासारखंच आहे. पण म्हणतो कोण? एपिक समनमध्ये, म्हणजे खेळातले जेम्स मोजून नवा हिरो काढायच्या सोडतीत, पाच ताऱ्यांचा हिरो येण्याची शक्यता दीड टक्का असते, आणि ती तिथे लिहिलेली असते. दीड! त्या दीड टक्क्यासाठी महिनाभर साठवलेले जेम्स एका रात्रीत उधळणारी, पुरले नाहीत तर खरे पैसे टाकणारी आम्ही माणसं. ९८ वेळा तीन-चार तारे हातात येतात तेव्हा 'नशीब' म्हणून उसासा टाकतो, आणि आपल्या अडुसष्ट टक्क्यांना लबाडी म्हणतो. झिंगाने २०१८ च्या डिसेंबरात आपल्या मालकांच्या कंपनीचा ८० टक्के हिस्सा ५६ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, ते पैसे आपल्या बत्तीस टक्क्यांवर उभे राहिले नव्हते. आमच्या दीड टक्क्याच्या आशेवर राहिले होते. त्या हिशेबाने खेळातला सगळ्यात सरळ जुगारी आपणच. फायदा किती, तोटा किती, दोन्ही आकडे कार्डावर शेजारी शेजारी, एकाच टाइपात.

यामुळेच मालकांनाही आपलं काही झेपलेलं दिसत नाही. पुढे रणवीर नावाचा पाच ताऱ्यांचा आला. रंग पिवळाच, टायटनवर साथीदारांचा मार वाढवण्याचा धंदा आपलाच, नेम बिघडवण्याची खोडही आपलीच. नाव ऐकून इथल्या मंडळींचा ऊर भरून आला. पण तो हाती लागायला महिन्याचा हिरो लागायचं नशीब हवं होतं. ज्यांना लागला त्यांनी आपल्याला बाकावर बसवलं असेल. बाकीचे अजून आपल्याला शेवटच्या पातळीपर्यंत वाढवतात, टायटनच्या वेळी पाचव्या खुर्चीत बसवतात, आणि लढत संपल्यावर चॅटवर आपल्या आठवणीने शिव्या घालतात. ज्यांना आपणही कधी मिळाला नाहीत, ते बिचारे बोल्डटस्कवर दिवस काढतात आणि टायटनच्या लुटीच्या यादीत वर कोण गेलं ते बघतात. त्यांच्या शिव्या सगळ्यात मनापासूनच्या असतात.

तर कपिराज, सूचना अशी. जांभळ्या टायटनला आपली खुर्ची पक्की. निळ्या, लाल आणि पिवळ्या टायटनला विचार करून बोलावू. हिरव्याला बोलावणार नाही. छाप्याला नाही, युद्धाला नाही, बचावात तर आपलं नाव काढणाऱ्याला आम्ही अलायन्समधून काढू. कादंबरीत गुरुजींनी मंत्र म्हटला की आपल्या कपाळावरचं कडं आवळायचं आणि आपण शुद्धीवर यायचात. खेळ बनवणाऱ्यांनी कडं दिलेलं नाही. आम्ही मंत्र मात्र म्हणतो, प्रत्येक 'मिस'ला एकदा. तो इथे छापता येत नाही.

कळावे, लोभ आहेच. वाढवण्याइतके जेम्स नाहीत.

आपला,
एक दुप्पट मार खाऊ घालणारा

ता. क. : पुढच्या वेळी डायमंड फुटेल तेव्हा कृपया दुसरीकडे बघावं.